सहकारनगरच्या टँकमधले आठ ‘सकर’

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेनऊच्या सुमाराला एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. “मॅडम, एंजलला फंगस झालंय. चार दिवस मिथिलीन ब्लू घालतोय, तरी डाग वाढतायत. डोस दुप्पट करू का?” मी म्हटलं, आधी फोटो पाठव, आणि औषधाची बाटली कपाटात ठेव.

फोटो धूसर होता, पण पुरेसा होता. एंजल फिशच्या चपट्या कुशीवर शर्टाच्या बटणाएवढा गोल चट्टा. त्यावर कापूस उगवल्यासारखं काही नाही, कडा फाटलेल्या नाहीत. नुसती वरची चकाकी निघून गेलेली, खवले दोन-चार ठिकाणी उचकटलेले. फंगस असं गोल कंपास घेऊन काम करत नाही. मी विचारलं, टँकमध्ये तळाला कोण कोण आहे? तिचं उत्तर आलं: “सात सकर आहेत.”

चाळीस वर्षं मासे पाळते आहे, त्यातली अठ्ठावीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. ‘सकर’ हा शब्द ऐकला की मला अजूनही खडू हातात घ्यावासा वाटतो. पुण्यातल्या दुकानांत तळाशी राहणाऱ्या किंवा काचेला चिकटणाऱ्या कुठल्याही माशाला सकर म्हणतात; फार तर ‘टँक क्लीनर’. हे कामाचं नाव आहे. ‘ड्रायव्हर’ म्हटल्यावर तो रिक्षा चालवतो की रोडरोलर, हे जसं कळत नाही, तसंच हे.

दुसऱ्या दिवशी मी सहकारनगरला गेले.

टँक आणि घर

तीन फुटी टँक. आतून मोजली तर 36 बाय 15 बाय 15 इंच, म्हणजे काठोकाठ भरली तर 132 लिटरच्या आसपास. खडी, लाकूड आणि वरची मोकळी जागा सोडली तर खरं पाणी 110 लिटर धरा. सात महिने जुनी. पूर्वेच्या बाल्कनीच्या दाराला लागून ठेवलेली, त्यामुळे सकाळी दीड-दोन तास थेट ऊन. वर एलईडी, जी मुलगा शाळेत जाताना लावायचा आणि झोपताना बंद करायचा. हीटर होता, पण बंद. “पुण्यात कशाला लागतो हीटर?” विद्यार्थिनीच्या सासूबाई म्हणाल्या. घरात त्यांना माई म्हणतात, मीही माईच म्हणते. थर्मामीटर काचेला लावला तर सकाळी नऊला 20 अंश. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची रात्र 10 अंशांच्या खाली जाते, दिवसा मात्र आपण स्वेटर काढून फिरतो. त्यामुळे टँकचं पाणी रोज वर-खाली होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. एंजलला 25 ते 28 लागतं. थंड पाण्यात जखम भरायलाही वेळ लागतो.

पाणी निळसर होतं. अमोनियाच्या चाचणीत हिरवट रंग आला, 0.5 पीपीएम. नायट्रेट 40 आणि 80 या दोन रंगांच्या मधला कुठला तरी. मिथिलीन ब्लूने फिल्टरमधल्या, अमोनिया संपवणाऱ्या जिवाणूंना फटका बसतो, तो बसला होता. म्हणजे न झालेल्या रोगाच्या औषधाने खरी तक्रार सुरू केली होती. त्यात तळाच्या माशांना, विशेषतः बारीक खवल्यांच्या लोचसारख्यांना, औषधं जास्त बाधतात.

आणि शेवाळ? सात सकर असूनही भरपूर. मुळात त्यासाठीच ते आणले होते.

पहिल्या दिवशी मी एवढंच केलं: 40 टक्के पाणी बदललं, हायपो घालून क्लोरीन काढलेलं, तापमान जुळवलेलं. हीटर 26 वर लावला, पण दिवसाला दोनच अंश वाढेल असा टप्प्याटप्प्याने. फिल्टरचा स्पंज टँकच्याच पाण्यात पिळला, नळाखाली नाही. मग स्टूल ओढून टँकसमोर बसले.

मोजणी

बिलावर होतं: सकर मिक्स, 7 नग. मुलगा सहावीत आहे. त्याने वही घेतली. मी त्याला सांगितलं, नावं नकोत, आधी फक्त जे दिसतं ते लिही. तोंड कुठे, मिशा आहेत का, अंगावर खवले की चिलखत, पट्टा कुठून कुठे.

पहिला, आंबापोळीच्या रंगाचा, 13 सेंटीमीटर. काचेला चिकटलेला. मिशा नाहीत. अंगावर साधे खवले. मुलाला म्हटलं, याचे कल्ले बघ. तो बघत राहिला आणि म्हणाला, “धाप लागल्यासारखे हलतायत.” बरोबर. हा गायरिनोकायलस आयमोनिएरी, दुकानातला ‘गोल्डन अल्गी ईटर’ किंवा ‘चायनीज अल्गी ईटर’. चीनशी याचा संबंध नावापुरता. हा थायलंड, लाओस, कंबोडियाच्या नद्यांतला, आणि सोनेरी रंग माणसाने निवडून पक्का केलेला. बाकी मासे तोंडाने पाणी घेतात आणि कल्ल्यांतून सोडतात. याचं तोंड दगडाला चिकटलेलं, मग श्वास कसा घेणार? म्हणून कल्ल्याच्या झाकणाच्या वरच्या टोकाला याला आणखी एक छोटं भोक असतं. वरच्यातून पाणी आत, खालच्यातून बाहेर. कल्ले मिनिटाला दोनशेच्या वर वेळा हलतात. हे वरचं भोक दिसलं की पुढे काही तपासायची गरज नाही. टँकमध्ये येणाऱ्या दुसऱ्या कुठल्या माशाला मी ते पाहिलेलं नाही.

याची गंमत (म्हणजे दुकानदाराची गंमत) अशी की बोटाएवढा असताना हा खरंच शेवाळ खातो. दुकानात तो तेवढाच असतो. मोठा होतो तसा त्याचा शेवाळातला रस जातो, जागेवर हक्क सांगू लागतो, आणि चपट्या, संथ माशांच्या अंगावरचा चिकट थर त्याला आवडायला लागतो. नदीत 25 सेंटीमीटरच्या पुढेही जातो.

दुसरा, काळा-तपकिरी, चित्त्यासारखे ठिपके, 18 सेंटीमीटर, लाकडाला उलटा लटकलेला. अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत, पोट मऊ, डोळ्याच्या बाहुलीवर उजेडात एक पडदा उतरतो आणि बाहुली घोड्याच्या नालेसारखी दिसते. हा घरोघरीचा सकर. जुन्या पुस्तकांत याला हायपोस्टोमस म्हटलेलं असतं, पण हल्ली दुकानांत येतो तो बहुतेक टेरिगोप्लिक्थिस. फरक कसा ओळखायचा? पाठीवरचा पर शिडासारखा उभारला की फोटो काढा आणि काड्या मोजा. पहिला जाड काटा सोडून सात आल्या तर हायपोस्टोमस, किंवा नाकाजवळ मांसल केस असलेला अँसिस्ट्रस, म्हणजे ब्रिसलनोज. दहा किंवा जास्त आल्या तर टेरिगोप्लिक्थिस. मुलाने फोनवर फोटो मोठा करून मोजल्या. बारा. हा मासा दीड फुटापर्यंत जातो. टँकची रुंदी 15 इंच. माईंनी मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाल्या, “म्हणजे हा वळणार कसा?”

हाच प्रश्न दुकानात विचारायला हवा होता. ब्रिसलनोज मिळाला असता तर 12-13 सेंटीमीटरवर थांबला असता आणि काचही जास्त चाटली असती. लहानपणी दोघं सारखेच दिसतात. शंका आली तर पाठीवरच्या काड्या मोजाव्यात.

तिसरा-चौथा, अंगावर काळा आडवा पट्टा असलेले लांबट मासे. यांच्याबाबतीत मी चुकले, पण ते पुढे.

पाचवा, सहावा, सातवा: पांढरे, लाल डोळ्यांचे, तोंडाला मिशा, खाली वाळूत नाक खुपसून चालणारे. अल्बिनो कोरिडोरस. हे शेवाळाला तोंडही लावत नाहीत. त्यांना ‘घाण खाणारे’ म्हणून विकलं होतं आणि घरच्यांनी तो शब्द प्रमाण मानून त्यांना वेगळं काही घातलंच नव्हतं. वरून पडलेले फ्लेक्स एंजल आणि टेट्रा वरच्या वर संपवत होते. तिघांचीही पोटं आत गेलेली. टँकमधला कुठलाही मासा विष्ठेवर जगत नाही, हे मला दर वर्षी एकदा तरी कुणाला तरी सांगावं लागतं. त्याहून वाईट, दोघांच्या मिशा झिजून खुंट झाल्या होत्या. खाली लाल-निळी रंगीत खडी, धारदार, आणि मध्ये सात महिन्यांचा गाळ. कोरिडोरस अधूनमधून सर्रकन वर जातात, तोंडभर हवा गिळतात आणि खाली येतात. ती हवा आतड्यातून शोषली जाते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण हे तिघं मिनिटाला दोनदा वर जात होते. ते मात्र अमोनियाचं लक्षण.

मी उठणार, तेवढ्यात मुलगा म्हणाला, “लाकडाखाली अजून एक आहे.” टॉर्च मारला. पिवळसर अंग, त्यावर बारीक तिरके गर्द पट्टे, आखूड मिशा. सात सेंटीमीटरचा लोच. बिलात नाही, कुणाच्या लक्षात नाही, बहुधा कोरिडोरसच्या पिशवीत चुकून आलेला. सात महिने त्या लाकडाखाली एकटा. मुलगा म्हणाला, “रात्री टँकमधून टक-टक आवाज येतो, तो हा काढतो का?” हो, बोटिया लोच असा आवाज काढतात. घरच्यांना तो हीटरचा वाटला होता, जो लावलेलाच नव्हता.

वहीत आठ नोंदी झाल्या.

चट्टे कुणाचे

घरच्यांचा संशय काळ्यावर होता. दिसायला तो आहेच तसा, आणि तोंडही मोठं. संशय अगदी निराधारही नव्हता. उपाशी प्लेको (काळ्याच्या जातकुळीला शौकीन असंच म्हणतात) रात्री एंजल किंवा डिस्कसच्या अंगाला चिकटल्याच्या घटना शौकीन मंडळींना चांगल्या माहीत आहेत. माझा संशय सोनेरीवर होता. पण संशयावरून मासा घराबाहेर काढायचा आणि चट्टे चालूच राहायचे, हे मी आधी एकदा केलेलं आहे. म्हणून या वेळी नीट करायचं ठरवलं.

भाजी धुवायच्या दोन जाळीदार परड्या समोरासमोर बांधून त्यांचा पिंजरा केला आणि टँकमध्येच टांगला. पाणी तेच, फिल्टर तोच, फक्त एक मासा बाजूला. काळ्याला पकडताना जाळं वापरलं नाही. त्याच्या परांचे काटे जाळ्यात अडकतात आणि सोडवताना मासा आणि माणूस दोघांचे हाल होतात. प्लॅस्टिकच्या डब्यात हाकलला. रोज सकाळी दिवा लावायच्या आधी तिन्ही एंजलचे दोन्ही बाजूंनी फोटो, हे काम मुलाचं.

पहिली रात्र: काळा पिंजऱ्यात. सकाळी नवीन काही नाही. घरात विजयाचं वातावरण. दुसरी रात्र: काळा पिंजऱ्यातच. सकाळी सर्वांत मोठ्या एंजलच्या डाव्या कुशीवर ताजा चट्टा. काळा निर्दोष सुटला. मग सोनेरी आत, काळा बाहेर. तीन रात्री, चार रात्री, पाच रात्री. काही नाही.

एवढ्यावर मी थांबले असते, पण विद्यार्थिनीच्या नवऱ्याला पुरावा हवा होता (तो वकील आहे). त्याने सोनेरीला बाहेर सोडलं, टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावला, कारण लाल उजेडाने मासे फारसे बिचकत नाहीत, आणि फोन लावून ठेवला. रात्री पावणेबाराच्या चित्रफितीत सोनेरी तळावरून सरळ वर येतो, झोपलेल्या एंजलच्या कुशीला चिकटतो, एंजल झटका देतो, दोघं फूटभर एकत्र सरकतात. सगळं मिळून चार सेकंद. दुसऱ्या दिवशी चट्टा 8 मिलिमीटर. सोनेरीच्या तोंडाचा काचेवर उमटणारा गोलही तेवढाच.

जखमांना मी काहीही लावलं नाही. स्वच्छ पाणी, 26 अंश, दिवसाआड 20 टक्के बदल. मीठ घाला असं कुणीतरी सांगितलं होतं. तळात कोरिडोरस आणि लोच असताना मिठाची मला घाई नव्हती. तीन आठवड्यांत चट्टे भरले. एका ठिकाणी खवले वेडेवाकडे आले, ते तसेच राहतील.

माझी चूक

काळ्या पट्ट्याच्या दोन माशांबद्दल मी पहिल्याच दिवशी लांबून बघून सांगून टाकलं होतं, “हे दोघं चांगले, सियामीज अल्गी ईटर. हे ठेवा.” शेवाळ खाणाऱ्यांत सियामीज म्हणजे क्रॉसोकायलस हा सोन्यासारखा मासा. झाडांच्या पानांच्या कडांना येणारं काळं, ब्रशसारखं शेवाळ खाणारे मासे फार थोडे, त्यांत हा पहिला.

आठवड्याने मुलाने फोन केला. “मॅडम, एक सारखा दुसऱ्याला पळवतोय. आणि दोघं सेम नाहीयेत.” त्याने दोघांची चित्रं काढली होती. एकाचा काळा पट्टा नाकापासून निघून थेट शेपटीच्या खाचेपर्यंत जातो, त्याच्या कडा करवतीसारख्या आणि सगळे पर पारदर्शक. दुसऱ्याच्या पट्ट्याच्या कडा आखल्यासारख्या सरळ, वर सोनेरी रेघ, आणि पाठीवरच्या व पोटाखालच्या परांवर काळा डाग, टोकाला पांढरं. त्याने वहीत खाली लिहिलं होतं: ‘दुसरा सजलेला आहे.’

सजलेला तो फ्लाइंग फॉक्स, एपल्झिओरिंकस. पट्टा त्याचाही शेपटीत जातो, म्हणून केवळ पट्ट्याची लांबी बघून माझ्यासारखी चूक होते. परांचे रंग बघायला हवे होते, आणि त्यासाठी मासा पर पसरून स्वस्थ बसेपर्यंत थांबायला हवं होतं. सियामीज पोटाखालच्या परांवर आणि शेपटीवर भार देऊन, पुढचं अंग किंचित उचलून बसतो; ती बसण्याची ढबही एक खूण आहे. फ्लाइंग फॉक्स शेवाळ थोडंफार खातो, काळ्या ब्रशला क्वचितच तोंड लावतो, आणि वयात आला की स्वतःसारख्या दिसणाऱ्यांशी वैर धरतो. या जोडगोळीत एक तिसरा तोतयाही येतो, गारा जातीतला. त्याचा पट्टा शेपटीच्या बुडाशी थांबतो. तो इथे नव्हता.

गाराचं नाव निघालं म्हणून मुलाला एक जास्तीची गोष्ट सांगितली. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी 1820 च्या दशकात दख्खनची पाहणी करत हिंडत होता. भीमा, मुळा, मुठा या नद्यांतले मासे त्याने कोळ्यांकडून मिळवले, त्यांची मराठी नावं कान देऊन ऐकली आणि 1839 मध्ये शास्त्रीय वर्णनं छापताना त्यांतली काही तशीच लॅटिन नावात घातली. त्यांतला एक गारा मुल्या. खालच्या ओठामागे चकती असते, तिने तो वाहत्या पाण्यातल्या खडकाला धरून राहतो आणि शेवाळ खरवडतो. म्हणजे पुण्याच्या नद्यांना स्वतःचा ‘सकर’ होता, आणि त्याची नोंद दोनशे वर्षांपूर्वीच्या पाहणीत आहे. मुलाने विचारलं, आता आहे का? मी म्हटलं, संगमावर बघू नकोस, वरच्या ओढ्यांत बघ.

शेवाळाचं काय झालं

याकडे मी मुद्दाम शेवटी आले, कारण इथे माशांचा वाटा सर्वांत कमी. टँकमध्ये तीन प्रकारचं शेवाळ होतं. लाकडाच्या सावलीतल्या खडीवर तपकिरी साय, ती डायटमची. बोटाने पुसली जाते. पुढच्या काचेवर कडक हिरवे ठिपके. ते काळ्या सकरच्याही बापाला निघत नाहीत, जुन्या एटीएम कार्डाने खरवडावे लागतात, किंवा नेराइट गोगलगाय लागते. आणि अनुबियासच्या पानांच्या कडांना, फिल्टरच्या तोंडाशी, ते काळं ब्रशसारखं. हे काळं शेवाळ खरं तर लाल शेवाळांच्या कुळातलं; झुपका काढून स्पिरिटमध्ये टाकला तर रंग लालसर होतो. मुलाने चारदा करून बघितलं.

दिवा चौदा तास चालू होता, शिवाय ऊन. टायमर लावून साडेसहा तासांवर आणला, बाल्कनीच्या बाजूच्या काचेला मागून कार्डपेपर चिकटवला. खाणं दिवसातून तीनदा पडत होतं, कारण घरात तीन जण प्रेमाने घालत होते. ते एकदावर आलं आणि फ्रिजवर खुणेचा कागद लागला. रात्री दिवा गेल्यावर कोरिडोरससाठी बुडणाऱ्या गोळ्या. काळ्यासाठी उकळत्या पाण्यात काढलेली काकडीची चकती, काट्याला टोचून. सकाळी उरलेली काढायची. फ्लेक्स कमी झाल्यावर सियामीजला भूक लागली आणि पाचव्या दिवशी तो पहिल्यांदा काळ्या ब्रशकडे वळला. सात महिने तो टँकमध्ये होताच. पोट भरलेलं होतं, एवढंच. जानेवारीच्या अखेरीला नायट्रेट 20 वर आलं, अमोनिया शून्य.

खडी बदलण्यात एक गफलत होता होता राहिली. समोरच्या इमारतीचं बांधकाम चालू होतं, नवऱ्याने तिथून दोन घमेली वाळू आणली. पुण्यात आता बांधकामाला बहुतेक क्रश सँड असते, दगड फोडून केलेली. चिमूट तळहातावर घासली तरी टोचते. कोरिडोरसच्या मिशांना ती रंगीत खडीपेक्षा वाईट. नदीची गोल कणांची बारीक वाळू शोधून, बादलीत पाणी निवळ येईपर्यंत धुऊन घातली. दोन महिन्यांत एकाच्या मिशा वाढल्या, दुसऱ्याच्या अर्ध्याच.

कोण कुठे गेलं

सोनेरी माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांच्या सहा फुटी टँकमध्ये गेला. तिथे मोठे, चपळ बार्ब आहेत, त्यांना तो धरू शकत नाही. ज्या दुकानातून आणला त्यांनी परत घ्यायला नकार दिला, “इतका मोठा कोण घेणार?” असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं, फक्त हे विकताना सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

काळ्यावरून घरात दोन दिवस वाद झाला. माईंचं म्हणणं, पाषाण तलावात सोडून द्या, जीव मोकळा होईल, पुण्य लागेल. त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं. पण हा मासा दक्षिण अमेरिकेतला. चिलखतामुळे इथे त्याला खाणारं फारसं कुणी नाही, कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही तो हवा गिळून जगतो, आणि वीण घालायला काठाच्या मातीत बिळं करतो. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत तो पसरला आहे, आंध्रातले कोळी त्याला ‘दय्यम चेप’ म्हणजे भूतमासा म्हणतात, 2020 मध्ये वाराणसीला गंगेतही सापडला. जाळ्यात आला की काट्यांनी जाळं फाडतो आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. हे सगळे कुणाच्या तरी टँकमधून किंवा शेततळ्यातूनच सुटले. माई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे एकाला पुण्य आणि बाकीच्यांना शिक्षा.” काळा सध्या एका फार्महाऊसच्या बंदिस्त सिमेंट हौदात आहे. हौदाचं पाणी ओढ्याला जात नाही, हे मी स्वतः जाऊन बघून आले.

फ्लाइंग फॉक्स अजून तिथेच आहे. लाकडाची मांडणी बदलून मध्ये आडोसा केला, त्यामुळे सियामीजला पळायला जागा मिळाली. वर्षभरात एकाला हलवावं लागेल, असा माझा अंदाज. कोरिडोरस तीनाचे सहा केले.

राहिला आठवा. त्याचे पट्टे मी भिंगाने पुन्हा बघितले: गर्द आणि फिकट पट्ट्यांच्या एकाआड एक बारीक रेघा, डोळ्याखाली मिटवता येणारा काटा. बोटिया स्ट्रायाटा, झेब्रा लोच. सगळ्या टँकमध्ये हा एकटाच सह्याद्रीतला. कृष्णेच्या खोऱ्यातल्या वरच्या, स्वच्छ प्रवाहांत राहणारा, 1920 मध्ये नारायण राव यांनी वर्णन केलेला, आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत आज ‘संकटग्रस्त’. हे कळल्यावर वकीलसाहेब म्हणाले, “मग हा आपल्याच नदीचा. याला तरी सोडता येईल ना?” नाही. सात महिने थायलंडच्या आणि ॲमेझॉनच्या माशांबरोबर एका पाण्यात राहिलेला मासा कुठले परजीवी घेऊन नदीत जाईल, कुणाला माहीत. शिवाय तो कुठल्या ओढ्यातून आला, हे कुठे लिहून ठेवलंय?

पण हा मासा घोळक्याने राहणारा आहे. एकटा ठेवला तर लपतो, खंगतो. पाच-सहा आणून देणं त्याच्या दृष्टीने योग्य. दुकानात विचारलं तर “फार्मचा आहे” असं उत्तर मिळतं. नदीतून पकडलेला की फार्मात जन्मलेला, हे काचेबाहेरून बघून मलाही सांगता येत नाही. आणि नदीतला असेल तर एकाचा एकटेपणा घालवायला मी आणखी पाच उपसायला लावणार.

मुलगा दर रविवारी विचारतो, “मॅडम, आणायचे का?” रात्री अकराच्या पुढे टक-टक अजून येते, म्हणतो. मी त्याला सांगितलंय, परीक्षा होऊ दे, मग बोलू. त्याची परीक्षा एप्रिलमध्ये संपली.